डुरकणारी मशीन

कपडे धुवायची मशीन मी जन्मात एकदाच निवडली, आणि दुसऱ्याच दिवशी तिला दाव्याने खांबाला बांधावं लागलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात कुठं वाकडंतिकडं झालं तर वाचणाऱ्यानं सरळ करून घ्यावं. ही गोष्ट आजवर मी तोंडीच सांगत आलो, आणि तीही अर्धीच. उरलेली अर्धी माझी बायको केसली सांगायची. ती जाऊन दीड वर्ष झालं. आता तिचा वाटाही मलाच सांगावा लागतो, आणि तो तिच्यासारखा जमत नाही. जमेल तसं सांगतो. (घरी आम्ही गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत बोलायचो, पण वाचणाऱ्यांचे हाल नकोत म्हणून इथं सगळ्यांना मराठीत बोलायला लावलं आहे.)

बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. मी वणीजवळच्या राजूरला कोळशाच्या खाणीत पंपावर होतो. राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे टिनाची पडवी. त्या वर्षी केसली नळावर घसरली आणि उजवा हात मनगटात मोडला. डॉक्टरनं पलस्तर घातलं आणि सांगितलं, दीड महिना या हातानं आपटणं-पिळणं बंद! आणि खाणीतल्या माणसाचे कपडे म्हणजे काय असतात? एक सदरा भिजवला की बादलीभर शाई तयार. आठ दिवस मी स्वतः धुतले. नवव्या दिवशी केसली दोरीकडे पाहून म्हणाली, "अवो, राहू द्या आता. तुमी धुतल्यावर ते अजून काळे होऊन राह्यले."

त्याच आठवड्यात आमच्या मॅनेजर साहेबांची बदली झाली. त्यांच्या बंगल्यात कपडे धुवायच्या दोन मशिनी होत्या, एक जुनी आणि एक तिच्याहून जुनी. दोन्ही वरून झाकण उघडायच्या, आत डेरा, डेऱ्याच्या मधोमध एक जाड दांडा. पावसाळ्यात मी पंपावर तीन दिवस न झोपता पाणी उपसलं होतं, ते साहेबांच्या ध्यानात होतं. ते म्हणाले, "यातली एक निवड आणि घेऊन जा."

निवड! हा शब्द साहेबानं बंजाऱ्याच्या पोराला सांगायला नको होता. आमच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख पालथा घातला. बैल चुकीचा निवडला तर माल जंगलात आणि माणूसही जंगलात. निवडणं आमच्या रक्तात आहे. मी सोबत उस्मानभाईला घेतलं. उस्मानभाई खाणीतला मेकॅनिक, शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहायचा आणि मला सगळ्यांसारखं 'नाईक' म्हणायचा. तोही खरं तर फक्त उचलायला नेला होता. अकलेसाठी मी होतोच!

मी दोन्ही मशिनींभोवती तीन-तीन चकरा मारल्या. पाठीवर थाप मारून पाहिली. खाली वाकून चारही पाय तपासले. पांढरी मशीन गुबगुबीत, हिरवी जरा उंच आणि खांद्यात भरलेली. मग उस्मानभाईला म्हणालो, "चालवून दाखवा."

उस्मानभाईनं पांढरी सुरू केली. ती नुसती घूं घूं करत जागेवर उभी. ना हालणं, ना डोलणं.

"ही मेंगळट हाय," मी म्हणालो. "इच्यात दम नाही."

मग हिरवी सुरू केली. बाप्पा! ती आधी डुरकली, मग थरथरली आणि मग चार बोटं पुढं सरकली!

"हे पाहा उस्मानभाई! हे जनावर!"

"नाईक, जनावर नाही, मशीन हाये ते. एक पाय छोटा हाये तिचा, आन् अंदर कुठी तरी ढिली झाली. म्हून कूदते. पांढरी घ्या, चुपचाप काम करते."

"चुपचाप काम करणारं जनावर आजारी असते."

"अरे, पन मशीन..."

"तुमच्या घरी कधी बैल होता काय?"

उस्मानभाईच्या घरी सायकल होती. हिरवी मशीन आमच्या पडवीत आली.

केसलीनं डाव्या हातानं तिला कुंकू लावलं आणि विचारलं, "दोन होत्या म्हनता, तं दुसरी कशी होती?"

"मुकी होती."

"मंग बरी होती की. घरात एक तरी मुकी असती."

उस्मानभाईनं पिन लावून दिली आणि मला समजावू लागला, कपडे किती घालायचे, पाणी कुठवर भरायचं, बंद कोणत्या बटणानं करायचं. मी मान हलवत होतो. ऐकत नव्हतो. मी मशीन कोणत्या अंगानं उभी केली तर शोभेल ते पाहत होतो.

आता खरी गोष्ट. चार दिवसांनी केसलीच्या धाकट्या भावाचं, गोपाचं लग्न होतं, नेरजवळच्या त्यांच्या तांड्यावर. त्यासाठी तिनं पेटीतून फेटिया काढला होता. फेटिया म्हणजे आमच्या बायकांचा लाल, घेरदार घागरा, आरसे आणि कवड्या टाकून भरलेला. हा तिच्या याडीनं, म्हणजे आईनं, दोन वर्षं बसून भरला होता. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, तरी बोटांनी चाचपून टाके घातले होते. याडी नंतर लवकरच गेली. केसलीकडं तिची खूण म्हणून दुसरं काहीच नव्हतं. तिनं तो हवा लागावी म्हणून दोरीवर टाकला आणि मी, एवढा शहाणा माणूस, पाळीवरून आलो आणि खाणीतला सदरा काढून बरोबर त्याच्यावरच टांगला!

कमरेपासून खालपर्यंत काळा पट्टा.

केसली चिडली नाही. एवढंच म्हणाली, "पलस्तर निंघालं असतं तं मी हळू धुतला असता. आता असा घालून याडीच्या तांड्यावर कशी जाऊ? मी नाही येत. तुमी एकटे जा." आणि दवाखान्यात हात दाखवायला निघून गेली.

गोपाच्या लग्नाला केसली नाही, हे कसं चालेल? आईच्या जागी तीच उभी राहणार होती. मग मी हिरव्या मशीनकडं पाहिलं, आणि वाटलं, मशीननंही माझ्याकडं पाहिलं.

ती परत येईपर्यंत फेटिया लख्ख करून ठेवायचा असं ठरवलं. डेऱ्यात फेटिया घातला. जागा उरली म्हणून माझं लग्नाचं पांढरं धोतर आणि पांढरी बंडी घातली. तरी जागा उरली म्हणून वणीच्या बाजारातून आणलेलं नवीन लाल पागोटंही घातलं. (ते धुवायची काहीच गरज नव्हती. पण पंगतीत एकटंच कशाला उपाशी ठेवायचं!) पाणी गळ्यापर्यंत भरलं, मूठ-मूठ सोडा टाकला आणि बटण दाबलं.

मशीन डुरकली. मी खूश. मशीन थरथरली. मी अजून खूश. मग फेटिया सगळ्या कवड्यांसकट एका बाजूला गोळा झाला, आणि मशीन चालायला लागली.

आधी वीतभर, मग हातभर. मी म्हणालो, "हो, हो, थांब!" ती थांबेना. बटण दाबलं, ते दुसरंच निघालं, ती अजून जोरात! मी तिला मिठी मारली. दात असे वाजायला लागले की आपण काय ओरडतो आहोत ते माझं मलाच कळेना. शेवटी कोपऱ्यातलं दावं ओढलं, तिच्या पोटाभोवती आवळलं आणि पडवीच्या खांबाला बांधलं. आता पाहू!

मी खूप पाहिलं. मशीननं दोन हिसके दिले, तसा खांब हालायला लागला. वरची टिनं अशी धडधडली की समोरच्या क्वार्टरमधली गंगाबाई लेकराला काखेत मारून धावत आली. "नाईक! खाणीत बारूद उडाला काय?"

"नाही! कपडे धुवून राह्यलो!"

"मंग आमाले काहून मारता?" म्हणत ती अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि तिथून तमाशा पाहू लागली. बघता बघता क्वार्टरांची अर्धी लाइन जमली. कोणी म्हणे शेपूट धर, कोणी म्हणे पाणी पाज. तिसऱ्या हिसक्याला खांब जागेवरून सरकला, एक टिन खाली आलं, आणि मशीन दावं, खांब आणि मी असं सगळं घेऊन अंगणात उतरली. वायर संपली म्हणून बरं. पिन आपोआप उपटली आणि ती थांबली. नाहीतर वणी गाठली असती!

तेवढ्यात फाटकातून केसली आली. तिनं टिन पाहिलं, खांब पाहिला, मला पाहिलं. मग मशीनखालून वाहणारं पाणी पाहिलं. लाल होतं. रक्तासारखं लाल.

"फेटिया कुठी हाय?"

मी मशीनकडं बोट केलं. तिनं झाकण उघडलं. फेटिया मधल्या दांड्याला असा आवळून बसला होता जशी भोवऱ्याला दोरी. गंगाबाई म्हणाली, "विळा आनू काय? कापल्याशिवाय निंघत नाही हे."

"कोनी हात नाही लावाचा," केसली म्हणाली, आणि मशीनच्या काठावर पलस्तराचा हात ठेवून तिथंच उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही, म्हणून मी घाबरलो. खाणीत छत कडकडलं तेव्हा एवढा घाबरलो नव्हतो.

उस्मानभाई पाना-पक्कड घेऊन धावत आला. त्यानं आत डोकावलं. "भाभी, कापाले नाही लागत. दांडाच काढतो." वरचा नट ढिला करून त्यानं अख्खा दांडा फेटियासकट बाहेर उचलला. मग त्यानं दांडा आडवा धरला, मी त्याच्याभोवती फिरत एक-एक वेढा सोडवत गेलो, आणि केसली डाव्या हातानं वाट दाखवत राहिली. "हळू. तिकून नाही, इकून. तो आरसा अडकला, दिसत नाही काय तुमाले?" माझा श्वास तिच्या हुकमावर चालला होता.

फेटिया सुटला. तिनं तो बाजेवर पसरवला आणि याडीसारखी बोटांनी चाचपत गेली. टाके जागेवर. कवड्या जागेवर. आरसे दोन फुटले होते, बाकी शाबूत. काळा पट्टा गेला होता. आणि लाल रंग? तो एक थेंबही उतरला नव्हता! उतरला होता माझ्या नव्या पागोट्याचा. ते आता फिकट पडलं होतं आणि धोतर-बंडी गुलाबी झाली होती, पाडव्याच्या गाठीसारखी.

"याडीनं रंग पक्का घेतलता," केसली म्हणाली आणि खाली बसली. मला वाटलं रडते. ती हसत होती. माझ्या छातीवरचा दगड जो उतरला, तो अजून गडगडत असेल. मी तिथंच चिखलात बसलो. उस्मानभाईही बसला. गंगाबाईनं चहा आणला.

लग्नाला गेलो. केसली फेटिया घालून मांडवात उभी राहिली तेव्हा तिच्या बापूचे, म्हणजे माझ्या सासऱ्याचे, डोळे भरले. मी मागे उभा, गुलाबी. दुसरं धोतर होतं कुठं? बायांनी विचारलं, हे काय झालं? केसलीनं मांडवाच्या मधोमध बसून सगळं सांगितलं, चारही पाय तपासल्यापासून थेट खांबापर्यंत. आणि शेवटी बापूकडं वळली.

"बापू, तुमी यांले माह्यासाठी पसंद केलं, तवा काय पाह्यलं होतं?"

म्हातारा भोळा. त्यानं विचार करून खरं सांगितलं. "काय पाहाचं? खांदे पाह्यले, पाय पाह्यले, दात पाह्यले. आवाज बी दनदनीत होता."

"आन् वरचं झाकन उघडून आत पाह्यलं होतं काय?"

"नाही वो बाई. तवा घाई होती."

अख्खा मांडव हसला. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. शेवटी आवाजावरच तर पास झालो होतो!