आमच्या वाळवणाची प्रांतरचना

राज्यांच्या सीमा आखणं फारसं अवघड नसतं. मी एकदा आखल्या आहेत. थोडा चुना लागतो आणि थोडी कमी अक्कल.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता आणि आम्हाला सेक्टर दोनमध्ये नवं क्वार्टर मिळालं होतं. सासरे रेल्वेत होते, म्हणून सासरचं बिऱ्हाड पहिल्यापासून दुर्ग लाइनवर. बाकी सगळं गणगोत नागपूरकडे. पूर्वी हे सगळं एकाच प्रांतात होतं. मग सरकारनं रेघा मारल्या, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. तेही जागचे न हलता!

त्यात नणंदेचं लग्न अमरावतीला ठरलं. बैठकीत होणाऱ्या विहीणबाई गोड हसून म्हणाल्या, "तुमच्या तिकडे हिंदी मुलखात कुरडया कुठल्या जमायला? रुखवतात नसल्या तरी चालतील. आम्ही समजून घेऊ."

ते 'समजून घेऊ' सासूबाईंनी घरापर्यंत आणलं आणि तीन दिवस जेवताना चघळलं. चौथ्या दिवशी गहू भिजत घातले.

"विमल, ताटाएवढी एकेक कुरडई पाहिजे! अन् पांढरी सफेद! नाहीतर मी मांडवात पाय ठेवत नाही."

गहू होते, सोऱ्या होता, ऊन तर भिलाईत फुकट वाटावं इतकं होतं. जागा नव्हती. ब्लॉकमागचं मैदान सगळ्यांचं, म्हणजे लक्ष्मम्माचं. ती विशाखापट्टणमकडची. ब्लॉकात तेलुगू घरं सगळ्यांत जास्त, त्यामुळे मैदानभर मिरच्याच मिरच्या. वारा सुटला की अख्खा ब्लॉक शिंकायचा. (मिरच्यांशेजारी घातलेल्या कुरडयांचा रंग विहीणबाईंना काय सांगायचा?)

आमचे हे तेव्हा रोज पेपर वाचून घरभर भाषण करायचे. महाराष्ट्र राज्य होऊ घातलं होतं. "भाषेप्रमाणे प्रांत! याले म्हणतात न्याय!"

मला कल्पना सुचली. (माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच नुकसानींची सुरुवात या वाक्यानं होते.) मी बायकांना नळावर गोळा केलं आणि ठराव मांडला: मैदानाची भाषेप्रमाणे वाटणी. ज्या भाषेची घरं जास्त, तिला जागा जास्त.

लक्ष्मम्मानं घागर कमरेवर घेतली आणि शांतपणे म्हणाली, "ठीक है. गिन लो."

तिच्या शांतपणाचं कारण उघड होतं. मोजलं असतं तर मराठीच्या वाट्याला जेमतेम एक खाट आली असती. म्हणून मोजण्याआधी मी पुरणपोळ्या केल्या आणि ताट घेऊन बाहेर पडले.

पहिली मिसेस दास. "तुमचे मिस्टर पहले नागपूर में थे ना?"

"दो साल."

"मग तुम्ही मराठीच की!"

तिनं पोळी चाखली. "हाँ, थोड़ा थोड़ा तो हूँ."

दुसरी पंजाबी सत्तोबहन. तिचा मुलगा आमच्याच घरी जेवायचा. "बच्चा मराठी, तो माँ भी मराठी!" मी निकाल दिला. तिनं दुसरी पोळी उचलून मान्य केला. समोरची छत्तीसगढी बाई तर म्हणाली, "तुमच्या सासूबाईंशी मी रोज दोन तास बोलते, अजून काय पायजे?" तेव्हा मला वाटलं, पुरण वाया गेलं, ही आधीच मराठी झाली होती.

मग बातमी पसरली. बहुमतवाल्या भाषेला उन्हाची, सपाट, मोठी जागा मिळणार! मला कुठं जावंच लागेना. लोक दारात येऊन मराठी व्हायला लागले. तेलुगू घरंसुद्धा फुटली! चांद्याची तेलुगू बाई "आमी तं पहिलेपासून मराठीच हावोत ना बाई" असं माझ्यापेक्षा चांगल्या मराठीत सांगून गेली. बाकीच्या तिच्यामागून आल्या.

लक्ष्मम्मा उरली एकटी. मी स्वतः चुन्याची रेघ मारली. भिंतीकडची पट्टी तिला, बाकी मैदान आम्हाला. ह्यांनी रेघेकडे बघून मिशीवर हात फिरवला. "शाबास! सरकारले जमलं नाही ते तू करून राहिली."

दुसऱ्या दिवशी पहाटेच सासूबाईंनी चीक शिजायला टाकला. उजाडताच मी खाटा घेऊन मराठी मुलखात पाऊल टाकलं आणि थबकले. पाऊल ठेवायलाच जागा नव्हती! मिसेस दासच्या डाळीच्या बड्या म्हणजे बंगाली सांडगे, सत्तोबहनच्या रजयांचा पिंजलेला कापूस, छत्तीसगढी बाईच्या उडीद-तिळाच्या बिजौऱ्या, कैरीच्या फोडी, आणि चांद्यावालीच्या मिरच्या!

"दासबाई, जरा सरका ना!"

"क्यों? मैं भी मराठी हूँ. आपने ही तो बोला."

"सत्तोबहन, रजई तरी..."

"लो जी, मराठी मराठी में झगड़ा?"

मागच्या दारातून सासूबाईंची आरोळी आली. "विमल! चीक आळून राहिला! खाटा कावून नाही टाकल्या अजून?"

चीक गरम असतानाच सोऱ्यात घालावा लागतो. गार झाला की त्याची कुरडई होत नाही, खळ होते, आणि खळ काही रुखवतात मांडता येत नाही. सासूबाई पातेलं घेऊन बाहेरच आल्या, मैदान पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. वाळवणाच्या कामात रडणारी बाई नव्हे ती!

रेघेपलीकडे लक्ष्मम्मा बसली होती. एका कोपऱ्यात तिची एकच चटई. बाकी पट्टी झाडून, सडा घालून, मोकळी.

मी खाट रेघेला टेकवली. "लक्ष्मम्मा, बहन, आज के दिन बस..."

"यह तेलुगू का जगह है," ती म्हणाली. "लाइन आपने डाला."

"हो, पण..."

"आपका मातृभाषा?"

मी एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे.

"तेलुगू," मी म्हटलं.

"और सास?"

"उनकी भी. जन्म से."

तिनं चटई गुंडाळली आणि पदर खोचून सोऱ्या स्वतःच हातात घेतला. तिच्या मनगटात काय ताकद होती! सासूबाईंनी इतक्या मोठ्या, इतक्या पांढऱ्या कुरडया जन्मात घातल्या नव्हत्या.

दुपारी हे शिफ्टवरून आले. मागच्या दारात उभं राहून भरलेलं मैदान बघताना त्यांची छाती फुगली.

"वा! किती झाले गं आपले मराठी?"

"सगळा ब्लॉक," मी म्हटलं. "आपण सोडून."