ईशान्येचा खड्डा

इकडे हिंदी मुलखात, नानाखेड्याला आम्ही घर बांधलं तेव्हा कॉलनी नवीच होती. आमचा प्लॉट वरच्या अंगाला, शेजारच्या काकींचा उतारावर. पाऊस पडला की आमच्या अंगणातली काळी माती, म्हशीचं शेण, मोरीचं साबणपाणी, सगळं वाहत जाऊन काकींच्या विहिरीत. नळ अजून आले नव्हते, त्यांची नातवंडं तेच पाणी प्यायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग सरकारी योजना आली. अंगणातलं पाणी जागीच जिरवणारा सोखता गड्ढा खणा, निम्मा खर्च मिळेल. ह्यांनी लगेच अर्ज केला. पण जागा ठरवली सासूबाईंनी: पाणी ईशान्येलाच हवं, नैर्ऋत्येला खड्डा म्हणजे कर्त्या माणसावर संकट. आमची ईशान्य म्हणजे अंगणाचा सगळ्यात उंच कोपरा! मी ह्यांना सांगून पाहिलं, तर म्हणाले, आईशी कोण डोकं लावणार. खड्डा तिथेच झाला. योजनेचे साहेब आले, आत भरलेली गिट्टी-रेती बघून सही करून गेले. मदतही मिळाली. पैसे देणाऱ्यांनी खड्डा पाहिला, आम्ही दिशा पाहिली, उतार कोणीच पाहिला नाही. ह्याचं मला आजही नवल वाटतं.

पावसाळा आला. खड्डा कोरडा ठणठणीत आणि विहीर गढूळ. काकींची धाकटी नात जुलाबांनी दवाखान्यात गेली. काकी भांडल्या नाहीत. कुंपणाशी येऊन एवढंच म्हणाल्या, "बेटा, गड्ढा तो अच्छा बना है, पर पानी अब भी इधर ही आता है."

माझं डोकंच फिरलं. तेव्हा कॉलनीत जो तो अंगणात फरशी घालत होता, मीही त्यासाठी भिशी लावली होती. भिशी उचलली आणि थेट नैर्ऋत्येला, जिथून पाणी उतरायचं तिथेच, दुसरा खड्डा खणायला मजूर लावले. एका घराला एकदाच मदत, त्यामुळे हा खर्च सगळा माझा.

"माझ्या मुलाच्या जिवावर उठलीस," सासूबाई म्हणाल्या.

"तुमचा मुलगा जपायचा, आणि त्यांची नात?"

त्यांनी अबोला धरला. खोटं कशाला बोलू, मीही घाबरले होते. ह्यांना साधा ताप आला तरी आधी तो नैर्ऋत्येचा खड्डा आठवायचा.

पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी काकी नातीला कडेवर घेऊन आल्या. हातात विहिरीच्या नितळ पाण्याचा तांब्या. तो त्यांनी सरळ सासूबाईंपुढे धरला. सासूबाईंनी पाणी निरखलं, पोरीकडे पाहिलं आणि त्या घोटभर प्यायल्या. मग वर्षभरात पहिल्यांदा माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, पोरीला दूध दे."