शौकतभाईंची नवी लेन्स आणि नेसरीकडचं घुबड

शनिवारी सकाळी रंकाळ्यावर आम्ही पाच-सहा जण जमतो. गळ्यात कॅमेरे असतात, पण फोटो फारसे निघत नाहीत. चहाच्या गाड्यापाशी बसायचं आणि कुणाची लेन्स किती लांबचं ओढते, पाऊस संपला की मसाई पठारावर जायचं की आंबा घाटात, यावर भांडायचं. मी दिवसभर एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून रक्ताच्या पेशी बघते. आठवड्यातून एकदा तोच डोळा लांबच्या झाडावर लावायला मिळतो, म्हणून मी ही भांडणं आनंदानं ऐकते.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी शौकतभाई लांबडी काळी बॅग घेऊन आले आणि ती बाकावर बाळासारखी ठेवली. आत सहाशे मिलिमीटरची लेन्स होती, सेकंडहँड, पण काचेवर एक ओरखडा नाही. शौकतभाईंचा हातकणंगल्यात स्टुडिओ आहे. तीस वर्षं त्यांनी पंचक्रोशीतली लग्नं काढली. यंदा स्टुडिओ पुतण्याच्या हवाली करून ते मोकळे झाले.

"तीस वर्षं लोकांनी सांगितलेलं काढलं," ते म्हणाले. "आता कुणी न सांगितलेला एक फोटो काढायचाय. वैशालीताई, तुमचं ते नेसरीकडचं घुबड हाय न्हवं? तिकडंच जाऊया की."

मी कप खाली ठेवला. "ते आता तिथं नाही," एवढंच मी म्हणाले. बाकीचे पांगल्यावर मात्र शौकतभाईंनी मला सोडलं नाही. मग जे वर्षभर कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. इथंही लिहिते, कारण तो जुना फोटो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलाय.

मागच्या वर्षी एका मैत्रिणीच्या गावी गेले होते. तिथले शेतकरी दुंडाप्पा यांनी मला त्यांच्या ओढ्याच्या काठावर नेलं. करवंदीच्या जाळीखाली शृंगी घुबडाची मादी दोन अंड्यांवर बसली होती. डोक्यावर शिंगांसारखी पिसं, केशरी डोळे. "कुणास्नी सांगू नगा ताई," दुंडाप्पा म्हणाले होते. मी हो म्हटलं. घरी आले, फोटो टाकला, आणि कुणीतरी "कुठे?" विचारल्यावर गावाचं नाव लिहिलं. ओढाही लिहिला. एवढा चांगला फोटो मला त्याआधी कधीच मिळाला नव्हता. लोक विचारतायत याचंच अप्रूप वाटलं.

दहा दिवसांनी पुन्हा गेले तर बांधावर चार गाड्या उभ्या होत्या. उडतानाचा फोटो हवा म्हणून कुणीतरी खडे मारले होते. मादी गेली ती परत आलीच नव्हती. दुंडाप्पांनी जाळीतलं एक अंडं उचलून माझ्या हातावर ठेवलं. ते गार होतं.

"मग तुमी माफी मागितलीसा?" शौकतभाईंनी विचारलं.

"फोटो काढून टाकला. पण तिकडं परत गेले नाही."

"वरीस झालं की वो!"

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

"हाय त्याच तोंडानं. दुसरं कुठनं आणणार?" त्यांनी बॅगेची चेन ओढली. "उद्या सकाळी सहाला येतो. कॅमेरे घेऊ, पण त्यो बाबा म्हणंल तरच बाहेर काढायचे."

रविवारी सहाला त्यांची जुनी व्हॅन दारात हजर. मागच्या सीटवर लग्नात उजेड पसरवायची पांढरी छत्री, फ्लॅश, काळं मखमली कापड, सगळं तसंच पडलेलं. मी विचारलं तर म्हणाले, "सवय हाय. ह्याबिगर गाडी चालू होत न्हाय."

रस्ता सांगते. कोल्हापुरातून कागल, निपाणी, मग संकेश्वरपाशी हायवे सोडून गडहिंग्लज आणि पुढं नेसरी. मध्ये थोडा वेळ कर्नाटकात जाऊन परत महाराष्ट्रात येता. न थांबता दोन-अडीच तास पुरतात, पण फेब्रुवारीत ऊसतोड चालू असते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पुढं डुलत असतात आणि ओव्हरटेकची घाई केली तर उसाची मोळी काचेवर येईल. एसटीनं जाणार असाल तर गडहिंग्लजला उतरून नेसरी-चंदगडकडची गाडी पकडा. संकेश्वरला लोणी डोसा खाल्ला. दोघांचं चहासकट दोनशेच्या आत झालं. बाजूच्या आवारात मिरच्या वाळत घातल्या होत्या, लालभडक. शौकतभाईंनी त्यांचा फोटो काढला आणि शिंकत परत आले.

गडहिंग्लजच्या अलीकडं एका तळ्यावर अर्धा तास थांबलो. त्यांची ही पहिलीच पाखरं. काठावर एक वंचक, छोटा तपकिरी बगळा, पाण्यात डोळे रोवून उभा होता. शौकतभाई गुडघ्यावर बसले आणि सवयीनं बोलून गेले, "जरा मान वर... हां, अस्सं." वंचक उडाला. त्यांनी धडाधड साठ-सत्तर फोटो घेतले. सगळे पुसट.

"शटर किती ठेवलंय?"

"एकशे पंचवीस."

"उडणाऱ्या पक्ष्याला? निदान दोन हजार हवं!"

"आता मला काय म्हाईत! लग्नात एकशे पंचवीसवर सगळं मावतंय. नवरा-नवरी कुठं उडून जात्यात?"

मी पोट धरून हसले. पण व्हॅन पुन्हा सुरू झाली तसं हसू ओसरलं. प्रत्येक वळणाला वाटत होतं, परत फिरू या म्हणावं. नेसरीच्या पुढचा रस्ता मी लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. समजून घ्या.

दुंडाप्पा शेतात पाणी पाजत होते. भुईमुगाच्या एका वाफ्याचं दार मोडून त्यांनी पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडलं, खोरं रोवलं आणि आमच्याकडं बघितलं. त्यांनी मला ओळखलं होतं.

"आता कशाला आलायसा?"

गाडीत चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. "चुकले मी," म्हटलं. "तुम्ही सांगू नका म्हणालात आणि मी सांगितलं. तेव्हाच यायला हवं होतं. धीर झाला नाही."

ते पुढचा वाफा भरेपर्यंत पाण्याकडं बघत राहिले. मी उभीच. शौकतभाईही टोपी हातात घेऊन उभे. शेवटी घराच्या पडवीतून त्यांच्या बायकोचा, शेवंताक्कांचा, आवाज आला.

"अवो, उनात काय हुबं केलंयसा त्यास्नी? भांडायचं असंल तर सावलीत भांडा की!"

पडवीत ताक आलं, मग भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दुंडाप्पा हातपाय धुऊन आले. भाकरीचे दोन तुकडे मोडल्यावर मान वर न करताच म्हणाले, "आलीया ती परत."

माझा घास हातातच राहिला.

"पर माझ्या बांधाला न्हाय. शेजारी मल्लूच्या बांधाला बसलीया. आन् मल्लू परवा बांध पेटवणार हाय."

मल्लूआण्णा त्यांचे शेजारी आणि चुलतभाऊ. मागच्या महिन्यात त्यांची गाभण म्हैस दगावली. त्याच्या आदल्याच संध्याकाळी घुबड बोललं होतं. मग अपशकुनी पाखरू बांधाला कशाला, म्हणून गवत पेटवायचं त्यांनी ठरवलं होतं. पंधरा दिवस दुंडाप्पा त्यांची समजूत काढत होते. "म्या म्हणतोय, ती उंदीर खाती. त्यो म्हणतोय, तू बगितलास व्हय?"

"तुम्ही बघितलंय?"

ते उठले आणि कोनाड्यातून एक डबा घेऊन आले. आत अंगठ्याएवढ्या राखाडी, केसाळ, वाळलेल्या गोळ्या होत्या. "ती बसती त्या झाडाखाली पडत्यात. हे काय असतंय ते मला समजंना, पर टाकवंना."

मला समजत होतं. घुबड शिकार आख्खी गिळतं आणि न पचलेले केस नि हाडं गोळी करून ओकून टाकतं. वर्षभर जिथं जायची लाज वाटत होती, तिथं मी एकदम कामावर आल्यासारखी ताठ बसले. "मल्लूआण्णांना बोलवता? आणि अक्का, कोमट पाणी, एक जुनं सूप आणि बाभळीचे काटे."

"सूप फुटकंच देते," शेवंताक्का म्हणाल्या. "चांगलं दिलं तर पुन्यांदा त्यात धान्य पाखडवायचं न्हाय मला."

मल्लूआण्णा आले ते हाताची घडी घालूनच. उंच, रापलेले, साठीचे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. बॅगेत हातमोजे असतातच. ते चढवून मी पहिली गोळी पाण्यात भिजवली आणि काट्यानं हळूहळू सोडवायला लागले. केस सुटले. मग नखाएवढी एक कवटी निघाली, पुढचे दात पिवळे-केशरी, वाकडे.

"हे बघा आण्णा. हे दात कुणाचे?"

ते थोडे वाकले. "उंदराचं."

दुसऱ्या गोळीत जबडा, तिसऱ्यात पुन्हा कवटी. चौथीतली कवटी चांगली मोठी होती. तेव्हा मल्लूआण्णांची घडी सुटली आणि ते सुपाशेजारी उकिडवेच बसले. "ही घूस की! ह्या घुशींनी माझा बांध पोखरून सगळा ऊस लोळवलाय."

"ही आता लोळवणार न्हाय," दुंडाप्पा म्हणाले.

पाचवी गोळी आण्णांनी स्वतः मागून घेतली. हातमोजे नकोत म्हणाले. मोठ्या बोटांनी, पण फार जपून सोडवली. शेवटी ते म्हणाले, "म्हस गेली ती गेलीच की."

"म्हशीचं फार वाईट झालं, आण्णा," मी म्हटलं. "पण ते हिच्यामुळं नाही. उंदरांना औषध घालताय का?"

"घालतोय."

"औषध खाल्लेला उंदीर हिनं खाल्ला तर ही मरेल. मग घुशींना मोकळं रान."

त्यांनी घुशीची कवटी तळहातावर घेऊन उलटीपालटी केली. "यंदा पेटवत न्हाय. औषध बी त्या बांधाला घालत न्हाय. फुडच्या वर्साचं फुडं बगू." आणि उठता उठता आमच्या बॅगांकडं बोट केलं. "फोटोवाले हायसा न्हवं? चला, दावतो. हितनं शंभर पावलं बी न्हाय."

मी शौकतभाईंकडं बघितलं. त्यांची ती नवी लेन्स, पहाटेपासूनचा प्रवास, आणि समोर केशरी डोळ्यांचं घुबड. दुंडाप्पाही त्यांच्याचकडं बघत होते. मी नको म्हणणार होते, पण माझं नको म्हणणं सोपं होतं. माझ्याकडं तो फोटो होता. त्यांनी बॅगेवर हात ठेवला, चेनशी थोडा चाळा केला.

"मल्लूआण्णा," ते म्हणाले, "तीस वर्षं लगीनघरात वावरलो. सगळ्या खोल्यांत गेलो, पर बाळंतिणीच्या खोलीत कॅमेरा घेऊन कदी शिरलो न्हाय. ऱ्हाऊ द्या."

दुंडाप्पांनी पाण्याचा तांब्या उचलून त्यांच्यापुढं सरकवला.

मग शौकतभाईंनी जे केलं ते बघण्यासारखं होतं. व्हॅनमधून काळं मखमली कापड आणलं, पडवीत अंथरलं आणि सगळी हाडं त्यावर लावली: वर कवट्या, खाली जबडे, कडेनं पायांची बारीक हाडं. शेवंताक्कांच्या हातात पांढरी छत्री दिली. "अक्का, जरा उजवीकडं. हां. हलायचं न्हाय." नवीन लेन्स नाही, लग्नातलीच जुनी लेन्स लावली. नवरीच्या दागिन्यांचे फोटो काढावेत तसे त्यांनी उंदरांच्या दातांचे फोटो काढले. दात चकाकत होते.

परतताना दुंडाप्पा व्हॅनपर्यंत आले. माफ केलं वगैरे म्हणाले नाहीत. "त्यो हाडांचा फोटो मोठा करून धाडा," म्हणाले. "डेअरीत लावतो. सकाळ-संध्याकाळ सगळा गाव दूध घालायला तितं येतो. बगू देत सगळ्यास्नी."

मोठी प्रिंट काढून तीन दिवसांत एसटीच्या पार्सलनं पाठवली. खाली शौकतभाईंनी पुतण्याकडून ठळक अक्षरांत लिहून घेतलं: 'आपल्या घुबडाचं जेवण'. नेसरीकडच्या कुठल्याशा डेअरीत मापाच्या काट्याच्या वर भिंतीला ती टांगलेली आहे. गावात अजून दोन मतं आहेत म्हणे, पण बांध कुणी पेटवला नाही.

तुम्हाला त्या बाजूला जायचं असेल तर जरूर जा. रस्ता चांगला आहे, तळी आहेत, फेब्रुवारीत पाखरं भरपूर. घुबड नाही दिसलं तरी चालेल, हे मी आता नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही. त्या सहलीतला माझा एकही फोटो कुणाला दाखवण्यासारखा नाही. तरी कॅमेरा घेतल्यापासून इतक्या हलक्या मनानं मी कुठूनच परतले नव्हते.

एप्रिलच्या अखेरीला दुपारी लॅबमध्ये असताना दुंडाप्पांचा फोन आला. शेतातून, मोठ्यानं बोलत होते.

"ताई, पिल्लं तीन हुती. तिन्ही उडाली. काल सांजच्याला मल्लूनं आन् म्या बगितली, बांधावनं गेली सरळ."

मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. मग सवयीनं विचारलं, "फोनवर फोटो काढला का कुणी?"

"फोटू? न्हाय वो," दुंडाप्पा म्हणाले. "बगत बसलो की."