मल्लप्पांचा अंगठा

माझ्या सासऱ्यांनी, मल्लप्पांनी, मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी कायम आहे की हंगामी तेही विचारलं नाही. उपरणं मागं टाकून ते सरळ माझ्यासमोर येऊन बसले, डाव्या हातानं माझी हनुवटी धरली आणि म्हणाले, "बायी तेगी." कानडीत याचा अर्थ तोंड उघड. मला तेव्हा कानडी येत नव्हती. पण हनुवटी त्या हातात गेल्यावर अर्थ आपोआप कळत होता. मी तोंड उघडलं. भरली बैठक, समोर भिजवलेल्या चुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या बशा, शेजारी सास्तूरहून बैलगाडीनं मुद्दाम आलेले माझे काका, आणि मुलगी बघायला आलेला मी आ वासून बसलेला.

मल्लप्पांनी माझा वरचा ओठ दुमडला. उजव्या हाताचा अंगठा हिरडीवर ठेवून हलकेच दाबला, बाहेर काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. अंगठ्यावर रक्त होतं. तो त्यांनी आधी काकांना दाखवला, मग मला. आतल्या दाराच्या पडद्यामागं बांगड्या वाजल्या. मी अजून मुलीचा चेहराही पाहिला नव्हता आणि तिनं माझं रक्त पाहिलं होतं.

"मास्तर दिसतात दोन दाती," ते शांतपणे म्हणाले, "हिरड्या मात्र जुळलेल्या बैलाच्या हायत."

बैलबाजारात दोन दाती म्हणजे ऐन उमेदीचा, आणि जुळलेला म्हणजे सगळे दात येऊन उतरणीला लागलेला. हा हिशेब मला पुढं कळला. त्या घटकेला एवढंच कळलं की आपली किंमत झाली आणि ती कमी झाली.

त्या दिवशी सकाळी मी जो शहाणपणा केला होता तोही सांगून टाकतो. मी मुरुमच्या सरकारी मदरशात मास्तर. निजामाच्या राज्यात शाळेला मदरसाच म्हणत. पोरांपुढं ऐट राहावी म्हणून मी सोलापूरहून गुलाबी दंतमंजनाची डबी आणवत असे, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरच्या शिपायाची नजर चुकवून. नेमकी ती डबी संपलेली. मुलीसमोर दात चमकले पाहिजेत म्हणून मी विटकर कुटली, वस्त्रगाळ केली आणि भांडी घासावीत तसे दात घासले. मग बाभळीच्या काट्यानं दातांच्या फटी कोरल्या. आरशात बघून मी स्वतःवरच खूश झालो होतो. तोंड खारट लागतंय, हे घाईमुळं असेल अशी मी समजूत करून घेतली.

मल्लप्पा मुरुमच्या बाजारातले बैलांचे दलाल. उंच, सावळे, कपाळावर विभूतीचे पट्टे, चालणं सावकाश. मारका बैलसुद्धा त्यांनी जबड्याला हात लावला की मान खाली घाली. उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरवायचे, आणि त्यांचं बोट एकदा मिटलं की दोन्हीकडचे मालक गप्प. बोलणं कमी, पण एक वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असे. "बैल बोलत न्हाय, म्हणून त्याचं तोंड बघावं लागतं. माणूस बोलतो, म्हणून त्याचं कुणी बघत न्हाय."

काका तर उठूनच उभे राहिले. सास्तूरच्या माणसांना अपमान लवकर कळतो. मल्लप्पांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. "म्या न्हाय म्हणलं का? मास्तर चांगले हायत. दर बाजाराला मला तोंड दाखवायचं. अंगठा कोरडा निघंल त्या दिवशी तारीख धरू. तवर पोरगी माझ्या घरात हाय, कुठं जात न्हाय."

आणि मग सकाळचा विटकरीचा नि काट्याचा पराक्रम माझ्याकडून वदवून घेऊन त्यांनी मला, वर्गात पाढे घेणाऱ्या मास्तराला, पाढा दिला. विटकर, कोळसा, मिश्री सगळं बंद. कडुलिंबाची कोवळी काडी चावून चावून तिचा कापूस करायचा आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडं हळू फिरवायचा, आडवं रेटायचं नाही. जेवल्यावर कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा. रात्री करडईच्या तेलात बारीक मीठ घालून बोटानं हिरड्या चोळायच्या. आणि सगळ्यात शेवटी त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक वस्तू काढली. पटवेकऱ्याकडचा, मणी ओवायचा, मेण लावलेला रेशमी दोरा.

दोन बोटांना गुंडाळून तो दोन दातांच्या मधून कसा सोडायचा, हे त्यांनी स्वतःच्या तोंडात करून दाखवलं. करवतीसारखा ओढायचा नाही. एका दाताला बिलगून हिरडीच्या कडेपर्यंत उतरवायचा, वर आणायचा, मग शेजारच्या दाताला बिलगवायचा. "काट्यानं फट मोठी हुती, दोऱ्यानं घाण निघती," ते म्हणाले. "आधी रक्त येईल. रोज करा, भिऊ नका. रक्त बघून थांबलात की गेलात."

हे वाक्य मी ऐकलं. विसरायलाही फार दिवस लागले नाहीत.

पहिल्या बाजारी, मल्लप्पा बैल तपासत त्या चिंचेखाली मी उभा राहिलो. माझ्यापुढं एक खिलारी जोडी होती आणि मागं एक शिंगमोडका म्हातारा बैल. माझी पाळी आली, अंगठा लालच निघाला. बैल आणि मी यांच्यामध्ये मल्लप्पा लोट्यातल्या पाण्यानं हात स्वच्छ धूत. आमच्यातला काय तो एवढाच फरक. बाकीचे दलाल कोंडाळं करून बघायचे. मास्तराला नांगराला धरणार की गाडीला, असं एकानं विचारलं. शेपूट धरून बघा, उधळतोय का ते कळेल, असं दुसरा म्हणाला. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप त्या गर्दीत होते. दुसऱ्या दिवशी मी फळ्याकडं तोंड केलं की मागं कुणीतरी बारीक हंबरायचं.

पण खरा धक्का दोऱ्यानं दिला. पहिल्या दिवशी दोरा खाली उतरवला तो लाल होऊन वर आला. दुसऱ्या दिवशी तसंच. मी चरकलो. ज्या तोंडातून चूळ भरताना थोडं गुलाबी पाणी यायचं, त्यातून आता उघड रक्त येत होतं. मी तर्क लढवला की दोऱ्यामुळंच रक्त येतंय, म्हणजे दोरा वाईट. मास्तर असल्यानं माझा स्वतःच्या तर्कावर फार विश्वास. मी दोरा गुंडाळून खुंटीला टांगला, तेल-मीठही सोडलं आणि पुढच्या बाजारची युक्ती शोधत बसलो.

युक्ती सापडली ती अशी. बाजारच्या दिवशी मी कात जास्त टाकून एकावर एक विडे चावले. ओठ, जीभ, हिरड्या, सगळं लालभडक. आता कुठलं रक्त आणि कुठला विडा, हे ब्रह्मदेवालाही कळणार नव्हतं. शीळ घालीत मी चिंचेखाली हजर झालो.

मल्लप्पांनी हनुवटी धरली. तोंड उघडलं. आत बघितलं. अंगठा पुढं आलाच नाही. त्यांनी माझं तोंड हातानं मिटवलं, एखादं दार लावावं तसं.

"म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, तेल लावून आणतात लोक," ते म्हणाले. "म्या त्यांच्यावर रागवत न्हाय. त्यांना बैल विकायचा असतो. तुमाला काय विकायचं हाय, मास्तर? जावा. ही सोयरीक हुत न्हाय."

कोंडाळ्यातलं कुणी हसलं नाही. त्यांनी हसायला हवं होतं, असं मला फार वाटलं.

मी घरी आलो आणि मला राग चढला. मी सरकारी मास्तर. मी जनावर आहे का? त्याच तिरीमिरीत मी उठून मल्लप्पांच्या घरी गेलो. दार त्यांच्या थोरल्या लेकीनं, नीलाक्कानं उघडलं. पहिल्या दिवशी सुशीलाच्या बशा तिनंच आणून ठेवल्या होत्या. कपाळ मोकळं, लुगडं फिकं. नवरा गेलेला, हे दिसतच होतं. कशानं, हे विचारण्याची तसदी मी घेतली नव्हती. तिनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि खांबाला टेकून उभी राहिली. मल्लप्पा घोंगडीवर बसले होते. मी पाणी घेतलं नाही. बोललो मात्र पुष्कळ. माझी नोकरी बघा, माझी चाल बघा, तुमच्या लेकीला मी अंतर देणार नाही, आणि तुम्ही अंगठ्यावर माणूस पारखता. शेवटी टाळी मिळावी अशा आवाजात मी म्हणालो, "हिरड्यांतून रक्त कुणाच्या येत नाही? त्यानं काय माणूस मरतो?"

मल्लप्पांनी मान खाली घातली. उत्तर खांबाकडून आलं.

"मरतं, मास्तर," नीलाक्का म्हणाली.

एवढंच बोलून ती आत गेली. मी तिथंच, न बोलावता, घोंगडीच्या कडेला बसलो.

मग मल्लप्पांनी सांगितलं. नीलाक्काचा नवरा धडधाकट गडी होता. चूळ भरली की ओसरीखालचं पाणी लाल व्हायचं, ते मल्लप्पांनी कितीदा पाहिलं होतं. दात हलू लागले, हिरडीत पू झाला, तरी जावई हसून सोडून द्यायचा. मग एकदा दाढ सुजली. सूज गळ्याला उतरली. गाडी जुंपून धाराशिवच्या हकीमसाहेबांकडं नेईपर्यंत त्याला घोटभर पाणी गिळवेना, मग श्वास घेववेना. हकीमसाहेबांनी तोंड उघडून बघितलं आणि मल्लप्पांनाच विचारलं, इतके दिवस कुणी बघितलं नाही का? सगळं झाल्यावर मल्लप्पा पुन्हा एकटे धाराशिवला गेले आणि काय करायला हवं होतं ते त्यांच्यासमोर बसून शिकून आले. काडी, मीठ, तेल, दोरा, सगळं तिथलं. घाण दातांवर नाही, दातांच्या मधे बसते, हे हकीमसाहेबांचं म्हणणंसुद्धा त्यांनी त्यांच्याच दखनी शब्दांत जपलं होतं. "मैल दातां पो नै बैठता, दातां के बीच में बैठता."

"हजारो बैलांची तोंडं उघडली म्या," मल्लप्पा म्हणाले. "जावयाचं उघडायची लाज वाटली."

निघताना मी तांब्यातलं पाणी प्यायलो. घरी आल्यावर खुंटीवरचा दोरा काढला, हात धुतले आणि आरशासमोर उभा राहिलो. रक्त आलं. भीती वाटली. तरी दोरा पुढच्या फटीत सोडला.

पुढच्या बाजारी मला कुणी बोलावलं नव्हतं. तरी मी चिंचेखाली जाऊन बैलांच्या ओळीत उभा राहिलो. मल्लप्पांनी माझ्याकडं बघितलं, हात धुतले आणि काही न बोलता हनुवटी धरली. रक्त निघालं. त्यांनी अंगठा बघून नुसती मान हलवली. त्यानंतरच्या बाजारी कमी निघालं, त्यानंतर आणखी कमी. सुजून लोंबणाऱ्या माझ्या हिरड्या हळूहळू आवळून आल्या, कळकट लाल होत्या त्या फिक्या गुलाबी दिसू लागल्या, आणि सकाळी उठल्यावर ज्या वासानं मी स्वतःच तोंड फिरवायचो तो वास गेला. मग एकदा अंगठा कोरडा निघाला. मल्लप्पांनी तो उलटासुलटा करून पाहिला. मग उपरण्याखाली माझा हात घेऊन बोटं दाबली. सौदा पक्का. कोंडाळ्यातला एक जण म्हणाला, मास्तराला झूल घाला आता. मला ते कौतुकच वाटलं.

पडद्यामागच्या त्या मुलीशी, कमळाशी, माझं लग्न झालं. पहिल्या रात्री तिनं मला काय विचारावं? विटकर खरंच चाळून घेतली होती का.

सासरे म्हणून मल्लप्पा भयंकर होते. पंगतीत पानावरून उठलो की सगळ्यांना विडा आणि मला दोरा. माझी पहिली मुलगी बोळक्या तोंडानं हसली, तर ह्यांनी ओल्या फडक्यानं तिच्या हिरड्या पुसल्या आणि मगच तिला मांडीवर घेतलं. गावात कुणाचंही तोंड ते धरायचे. एकदा कचेरीच्या पेशकारानं सहज जांभई दिली आणि पस्तावला. लोक हसायचे. पण हळूहळू पटवेकऱ्याकडं मेणाचा दोरा मागायला अशी माणसं येऊ लागली, ज्यांना मणी ओवायचे नव्हते.

निजामाचं राज्य गेलं, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मल्लप्पांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. डावी बाजू गेली. मी पोचलो तेव्हा कमळा उशाशी होती आणि नीलाक्का पायाशी. मला बघून त्यांनी उजवा हात उचलला. आशीर्वाद देताहेत असं समजून मी झटकन वाकून डोकं पुढं केलं. हातानं माझं कपाळ बाजूला सारलं आणि तो चाचपडत खाली आला, नाकावरून, ओठांवरून, हनुवटीवर. शेवटच्या भेटीतसुद्धा मी चूकच केली होती.

ओठ हलले. आवाज आला नाही. मी तोंड उघडलं.

त्यांनी अंगठा हिरडीवर ठेवला आणि जेवढा जोर उरला होता तेवढ्यानं दाबला. बाहेर काढून उजेडात धरला. मग तो त्यांनी मला दाखवला नाही, कमळालाही नाही. मान वळत नव्हती, म्हणून सगळा हातच सावकाश पायाकडं नेला आणि नीलाक्कासमोर धरला.

नीलाक्कानं तो बघितला. त्यावर काही नव्हतं. तरी तिनं पदराच्या टोकानं तो नीट पुसला आणि दोन्ही हातांत धरून ठेवला.