भांडुपच्या गाळ्याचे सील

१९८८ सालच्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी भांडुपमधल्या एका बंद गाळ्याचे सरकारी सील तुटलेले आढळले. माझ्या पोलिसातल्या नोकरीतली कितीतरी मोठी प्रकरणे पुसट झाली. हे छोटे प्रकरण तसेच्या तसे राहिले आहे.

गाळ्यात कुलपांच्या सुट्या भागांना निकेलचा मुलामा देत. त्याआधी भागांवरचे तेल काढायला ते ट्रायक्लोरोइथिलीन या रसायनाच्या गरम वाफेत धरावे लागत. ती वाफ शेजारच्या चाळीत शिरे. तक्रारी झाल्या आणि हवेत किती वाफ सोडायची यावर मर्यादा आली. मोठ्या कारखान्यांनी वाफ थंड करून परत टाकीत आणणारी यंत्रणा बसवली. या गाळ्याला ती जमली नाही, म्हणून त्याला सील लागले. मुलामा थांबल्यामुळे पलीकडच्या गल्लीतला कुलपांचा कारखाना एका पाळीवर आला. ड्रायक्लीनिंगवाल्यांनाही हेच रसायन लागे; विक्रीवरही बंधने आल्याने ते आता चोरून विकले जाऊ लागले होते.

मालकाने यंत्रणा मागवून गाळा उघडण्यासाठी अर्ज केला होता. सील त्याने तोडले असे ठरले असते, तर अर्ज फेटाळला गेला असता आणि कामगार कायमचे घरी बसले असते.

खबर पानवाल्याने दिली. "साहेब, काल दुपारी शटर अर्धं वर होतं. केमिकलची पिंपं काढली असणार, दुसरं काय?"

आम्ही पंचांसमक्ष आत गेलो. पिंपे जागेवर होती. झाकणांवरची धूळही हललेली नव्हती. जमीन मात्र झाडलेली होती. टाकीवर ताजा झेंडूचा हार, आपट्याची पाने आणि पुढे फोडलेला नारळ.

रोज सकाळी शटर उघडण्याचा मान सर्वांत जुन्या कामगाराचा होता. तो मूळचा मालवणकडचा. किल्ली अजून त्याच्याच कमरेला होती. त्याला चौकीत आणले. मालक बाहेर बाकावर बसला होता.

"काका, वाट लावलीत ना माझी," मालक एवढेच म्हणाला.

"शेटने पाठवलं ना तुला?" हवालदाराने विचारले.

"शेट? तेका नारळ खंय मिळता ता पण ठाऊक नाय."

"मग सील का तोडलंत?" मी विचारले.

"बंदी कामाक होती, साहेब. पूजेक खंय होती? दसऱ्याक मशीन बिनहाराची कधीच रवली नाय." त्याने कमरेची किल्ली चाचपली. "सकाळी जाग येता नि हात किल्लीक जाता. मगे आठवता, जावचा खंय?"

हवालदाराने वही मिटली. त्याच्या मागे बंदुकांच्या कपाटावर आदल्या दिवशी आम्हीच घातलेला झेंडूचा हार होता.

तपासात पहिला प्रश्न असतो, फायदा कुणाचा? या प्रकरणात फायदा कुणाचाच नव्हता, आणि फायद्याशिवायही माणूस कायदा मोडतो हे मी तिथे शिकलो. अहवालात लिहिले: सील तुटले, माल गेला नाही, मालकाचा संबंध आढळला नाही. कामगाराने कोर्टात गुन्हा कबूल केला. किरकोळ दंडावर तो सुटला. मालकाचा अर्ज नामंजूर झाला नाही. मंजूरही झाला नाही.

पुढच्या दसऱ्याला बंदोबस्तावर असताना त्या गल्लीतून गेलो. सील शाबूत होते. शटरच्या कडीला झेंडूचा ताजा हार होता.