पिल्लाचं न्हाणं

आमच्या घरात मांजराच्या पिल्लाला तेल लावून न्हाऊ घातलं गेलं आणि हा निर्णय एकमताने झाला होता.

पिल्लू सापडलं सोमाटण्याच्या आमच्या घराच्या गच्चीवर, कूलरच्या रिकाम्या खोक्यात. डोळे मिटलेले, अंगाने बटाटवड्याएवढं. त्याची आई दोन दिवस फिरकली नव्हती. "हे मी जगवणार," असं मी जाहीर केलं. बायको, म्हणजे सुनीता, नुसती कुंडीतल्या वाळलेल्या कढीपत्त्याकडे बघत राहिली. (तोही मीच जगवायला घेतला होता.)

नेमकी तेव्हा वलवणची मावशी आमच्याकडे मुक्कामाला होती. मावशीने चाळीस वर्षं गावातल्या बाळंतिणींना आणि बाळांना न्हाऊ घातलंय. तिने पिल्लू उलटसुलट करून पाहिलं.

"लेकरू ते लेकरू. माणसाचं काय न् मांजराचं काय? तेल लाव, ऊन पाण्यानं न्हाऊ घाल, धुरी दे. लय झ्याक झोपंल."

मावशीचे गुडघे दुखतात, म्हणून न्हाणीघरात पाटावर पाय पसरून बसलो मी. पिल्लू माझ्या नडग्यांवर आणि मावशी दारातून हुकूम सोडतेय. तेल झालं, डाळीचं पीठ झालं, पाणी झालं. मग ओव्याची धुरी. आम्ही तिघं खोकलो, पिल्लू शिंकलं. शेवटी त्याला जुन्या धोतराच्या फडक्यात घट्ट गुंडाळलं, तर ते गपकन झोपलं. मी कौतुकाने फोटोही काढला.

तासाभराने सुनीताने हात लावून पाहिला. "अहो, हे गार पडलंय."

खरंच गार होतं. पोट टम्म आणि तोंड उघडेना. खोक्यात दोन दिवस तग धरलेला जीव मी एका अंघोळीत घालवत होतो.

सुनीताने जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, अंघोळ वगैरे घातलीत का? आम्ही तिघंही छताकडे बघायला लागलो.

"आधी ऊब द्या," ते म्हणाले. "अंग गरम झाल्याशिवाय दूध नको. गाईचं तर नकोच, पिल्लांची पावडर मिळते. आणि शू तुम्हालाच करवून घ्यावी लागेल. या वयात आपली आपण होत नाही, आई चाटते तेव्हा होते."

मी सुनीताकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. जबाबदारी मी जाहीरपणे घेतली होती. मी विचारलं, "डॉक्टर, किती वेळ चाटायचं?"

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "कोमट पाण्यात भिजवलेला कापूस चालेल."

पिल्लू कोरडं पुसून मी सदऱ्याच्या आत छातीशी धरलं, बाहेरून गरम पाण्याची पिशवी. दोन तास जागचा हललो नाही. सुनीता पावडर घेऊन परतली तेव्हा सदऱ्यात काहीतरी वळवळलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी मावशीलाही माफ केलं. पालथं धरून ड्रॉपरने थोडं थोडं दूध पाजलं. मग कापूस. काही नाही. पुन्हा कापूस. मावशी हळूच म्हणाली, "शूऽऽ." मग सुनीताही. मग मीही. इस्त्रीवाले भाऊ कपडे घेऊन दारात उभे होते, हे आम्हाला नंतर कळलं. (कपडे कडीला अडकवून ते निघून गेले होते.)

आणि झाली! माझ्या तळहातावरून मनगटावर, तिथून थेट बाहीत. मावशीने कडाकडा बोटं मोडली, सुनीता डोळे पुसत हसत होती आणि मी ओला हात वर धरून घरभर फिरलो. आमच्या दोन्ही पोरी बारावी पास झाल्या तेव्हाही मी इतका नाचलो नव्हतो. तो हात मी कुणाला पुसू दिला नाही.

कारखान्यात रजा टाकून पुढे दर तीन तासांनी हे काम मीच केलं. आठवड्याभरात त्याचे डोळे उघडले, दोन महिन्यांत ते पडद्यावर चढलं. आता त्याचा चांगला दांडगा बोका झालाय. सुनीता दिसली की तो वाटीकडे धावतो, मावशी आली की तिच्या मांडीवर चढतो. आणि मी दिसलो की निमूटपणे उठतो आणि वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो.