फोनमधली बाई

बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करणाऱ्या बाईंना सगळे माईकमावशी म्हणत. त्यांच्या आवाजाने झोपलेला प्रवासीसुद्धा दचकून आपली बॅग सापडते का ते बघायचा. म्हणूनच मधुमेहावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई त्यांना शोधत आल्या. कुठल्या सुरात सांगितलं की माणसं सवयी बदलतात, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी फोनवरून रोज जाणारे निरोप मावशींच्या आवाजात हवे होते.

"कृपया लक्ष द्या, जेवणानंतर चालणे आवश्यक आहे," मावशींनी ठणकावलं.

"मावशी, पेशंट बॅगा उचलून पळतील. घरात बोलता तसं बोला."

मावशी नवऱ्याशी बोलतात तशा बोलल्या. डॉक्टरीणबाईंनी हळूच कानावरचा हेडफोन काढला. "घरात दुसरं कोणी आहे का?"

मग मावशींनी नातीला डोळ्यांसमोर आणलं, आणि काम फत्ते झालं.

मावशींच्या नवऱ्यालाही मधुमेह होता, त्यामुळे तोही या संशोधनात होता. रात्रीचं जेवण उरकलं की त्याचा फोन वाजे: "जेवलात ना? चला, जरा पाय मोकळे करून या." आणि हा गृहस्थ निमूट चपला घाली.

तिसऱ्या दिवशी मावशींना राहवेना. "इतकी वर्षं मी घसा कोरडा केला, तेव्हा हललात का?"

"ती प्रेमाने सांगते."

"अहो, ती मीच आहे."

"माहीत आहे गं. पण ती बोलून झाली की गप्प बसते."

मावशी दोन दिवस फुगून बसल्या. मग त्यांनी गोड आवाजात विचारून पाहिलं, "चहात साखर थोडी कमी घालू का?" नवऱ्याने घाबरून त्यांच्या कपाळाला हात लावला.

शेवटी फोन वाजला की मावशीही त्याच्याबरोबर निघू लागल्या. एका रात्री कोपऱ्यावरच्या बंद दुकानापाशी तो म्हणाला, "माझ्या वडिलांचा पाय याच दुखण्यापायी कापावा लागला. तू साखरेचं नाव काढलंस की तोच डोळ्यांपुढे यायचा. मग मी चिडायचो."

दिवसभर माईकवर बोलणाऱ्या मावशींनी फक्त त्याचा हात धरला, आणि मंडळी नेहमीपेक्षा एक गल्ली पुढे गेली.

पुढच्या तपासणीत साखर बरीच उतरली होती. कशाचा उपयोग झाला, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दोन्ही बायकांचा," तो म्हणाला. हे कागदावर कसं लिहायचं, या विचारात डॉक्टरीणबाई पेन हातात धरून बसल्या.